दक्षिण मराठा रेल्वेचे डबे आणि छायाचित्रांची साक्ष

जुन्या छायाचित्राखाली लिहिलेली ओळ आणि छायाचित्रात प्रत्यक्ष दिसणारी वस्तू यांच्यात विसंवाद उत्पन्न झाला, तर संशोधकाने कोणाचे ऐकावयाचे? प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. खालची ओळ बहुधा नंतर लिहिलेली असते. कधी संग्राहकाने, कधी विक्रेत्याने, कधी आजोबांच्या पेटीतून निघालेला कागद आल्बममध्ये चिकटविताना एखाद्या नातवाने. तिच्यात आठवण असते, ऐकीव माहिती असते आणि पुष्कळदा इच्छाही असते. वस्तू मात्र त्या क्षणी तेथे होती म्हणूनच काचेवर उमटली. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून बखर आणि अस्सल समकालीन कागद यांतला भेद मराठी वाचकाला चांगला परिचयाचा आहे. छायाचित्राखालची ओळ ही बखर होय, आणि आगगाडीच्या डब्याचे धक्के, छपरावरचे दिवे, दारावरचे आकडे हे अस्सल कागद होत, असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही. फरक इतकाच की मोडी वाचणारे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. डबे वाचणारे फारच थोडे निघाले.

याचे एक उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोरचे आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, तीन इंजिने, एकवीस मैलांचा प्रवास आणि एकवीस तोफांची सलामी हा तपशील शाळकरी मुलांनाही पाठ असतो. त्याच्या शेजारी पुस्तकांतून, दिनदर्शिकांतून आणि स्मरणिकांतून पुष्कळदा जे चित्र छापले जाते, त्यात एक गाडी पाण्यावरच्या लांबलचक कमानी पुलावरून चाललेली असते. ते ठाण्याच्या खाडीवरील पुलाचे म्हणून सांगितले जाते, आणि ते तसे असेल तर त्या पुलावरील गाडी पहिली असूच शकत नाही. पहिली गाडी ठाण्याला थांबली. खाडीवरचे पूल ठाण्याच्या पलीकडे, कल्याणच्या वाटेवर आहेत, आणि कल्याणपर्यंतचा मार्ग १ मे १८५४ रोजी खुला झाला. शिवाय चित्रात इंजिन एकच दिसते, तीन नव्हेत. एवढे दोन साधे विचार केले असते तरी चूक टळली असती. ती टळली नाही, कारण चित्राकडे पाहणाऱ्याला पुरावा नको होता, सोहळा हवा होता. ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ ही त्या तीन इंजिनांची नावेही परंपरेने इतकी गोड करून ठेवली आहेत की त्यांच्याविषयी प्रश्न विचारणे अनेकांना अरसिकपणाचे वाटते.

मुंबई-पुण्याच्या छायाचित्रांविषयी निदान थोडीफार चर्चा होते. बंगळूरची गोष्ट वेगळी आहे. आगगाडीच्या जुन्या छायाचित्रांची ओळख पटविण्याच्या दृष्टीने या शहराइतके सोयीचे आणि त्याच वेळी फसवे स्थळ दक्षिणेत क्वचितच सापडेल. सोयीचे अशासाठी, की येथे रुळांची तीन मापे वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या दिशांनी आली. १८६४ मध्ये मद्रास रेल्वेचा रुंदमापी मार्ग जोलारपेटहून येऊन लष्करी छावणीजवळच्या स्थानकात संपला. रुळांतील अंतर साडेपाच फूट. त्यानंतर म्हैसूरकडून मीटरमापी मार्ग आला. तो १८८१ मध्ये सुरू झाला आणि १८८२ मध्ये म्हैसूरला जाऊन भिडला. पेठेच्या बाजूचे शहर स्थानक, ज्याला आता क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा यांचे नाव आहे, ते या दुसऱ्या पर्वातले. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यशवंतपूरहून चिकबळ्ळापूरच्या दिशेने अडीच फुटी अरुंदमापी गाडी धावू लागली.

आता माप ओळखावयाचे कसे? रूळ पुष्कळदा गवतात, सावलीत किंवा फलाटाच्या कडेआड गेलेले असतात. अशा वेळी डब्याचे टोक पाहावे. रुंदमापी डब्याच्या टोकाला दोन बाजूंना दोन वाटोळे धक्के असतात आणि मध्ये आकडा व साखळी. मीटरमापी डब्याला मध्यभागी एकच धक्का असतो व जोडणीही त्यातच असते. इंग्लंडमधून आलेल्या पद्धतीत दोन धक्के ही इतकी स्वाभाविक गोष्ट मानली जाई, की एका धक्क्याचा डबा पाहिला की तो ब्रिटनच्या मुख्य मार्गांवरचा नव्हे, हे तेथील जाणकार चटकन सांगतात. बंगळूरच्या बाबतीत या एका खुणेवरून काळ, स्थळ आणि कधीकधी प्रसंगही ठरविता येतो. ‘बंगळूर स्थानक, १८७०’ अशी ओळ असलेल्या छायाचित्रात मध्यभागी एकच धक्का दिसला, तर ती ओळ खोटी आहे. दोन धक्के दिसले तर ती खरी असण्याचा संभव उरतो. पण मग ते स्थानक छावणीचे असले पाहिजे, शहराचे नव्हे.

ही केवळ हौशी माणसांची चिकित्सा आहे, असे कोणाला वाटेल. तसे ते नाही. १८७६ ते १८७८ या वर्षांतील दुष्काळ घेऊ. म्हैसूर संस्थानाची लोकसंख्या १८७१ च्या शिरगणतीत पन्नास लाखांच्या वर होती. १८८१ मध्ये ती सुमारे बेचाळीस लाखांवर आली. मद्रास इलाख्यातील दुष्काळपीडितांची विलोबी वॉलेस हूपर याने घेतलेली छायाचित्रे त्या काळापासून आजतागायत वारंवार छापली जातात. हाडांचे सापळे झालेली माणसे ओळीने बसवून घेतलेली ती चित्रे पाहवत नाहीत. त्यांच्याबरोबरच धान्याची पोती, मालडबे, फलाटावरची गर्दी अशी चित्रेही ‘दुष्काळ’ या एका शब्दाखाली फिरतात. आता १८७७ साली संस्थानात लोहमार्ग मद्रासकडून बंगळूरपर्यंतच होता. धान्य तेथवर रुंदमापी गाडीने यावयाचे आणि पुढचा प्रदेश बैलगाडीच्या भरवशावर असावयाचा. म्हैसूरचा मार्ग हा त्या दुष्काळाच्या कामांतून उभा राहिला. म्हणजे मीटरमापी मालडब्यात भरलेली पोती दाखवून ‘१८७७ चे मदतकार्य, म्हैसूर’ असे कोणी लिहिले, तर तो तपशिलाचा किरकोळ दोष राहत नाही. ज्या गावांपर्यंत गाडी पोचलीच नव्हती, त्या गावांपर्यंत ती पोचली होती असे ते चित्र सांगू लागते. उपाशी माणसे आणि धान्य यांच्यामध्ये जे अंतर होते, तेच त्यातून पुसले जाते. एका धक्क्याचा आणि दोन धक्क्यांचा भेद तेथे जीवनमरणाचा भेद ठरतो.

या दुष्काळाच्या पोटीच ‘सदर्न मराठा रेल्वे’ जन्मली. १८८० च्या दुष्काळ आयोगाने संरक्षक लोहमार्गांची आवश्यकता मांडली आणि १८८२ मध्ये ही कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे धारवाडला होते. हुबळीला तिचा कारखाना उभा राहिला. गोव्याच्या मुरगाव बंदराकडून येणारी पोर्तुगीज हद्दीतली गाडी १८८८ मध्ये कॅसलरॉकला तिला येऊन मिळाली. १८९० पर्यंत पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा, हुबळी, हरिहर, बंगळूर अशी सलग मीटरमापी वाट तयार झाली. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरचा संस्थानी फाटाही सुरू झाला. म्हैसूरचा मार्गही याच कंपनीकडे चालविण्यासाठी आला होता.

नावाविषयी थोडे थांबले पाहिजे. ‘दक्षिण मराठा देश’ ही संज्ञा इंग्रजी राज्यकारभाराच्या भूगोलाने घडविलेली. बेळगाव, धारवाड, विजापूर, कोल्हापूर आणि पटवर्धनादी संस्थानिकांचे मुलूख त्यांनी या एका नावाखाली आणले. त्या प्रदेशाच्या मोठ्या भागात लोकांची भाषा कानडी होती, हे इंग्रज अधिकाऱ्यांना ठाऊक नव्हते असे नाही. परंतु ज्यांच्याकडून राज्य घेतले त्यांच्या नावाने मुलूख ओळखावयाचा, ही विजेत्याची जुनी सवय. त्यामुळे ‘मराठा’ हा शब्द डब्यांच्या अंगावर रंगवून घेऊन गाड्या धारवाडहून निघत आणि कानडी, तेलुगू, तमिळ बोलणाऱ्या माणसांना घेऊन बंगळुरात येत. शहाजी राजांच्या जहागिरीनंतर अडीचशे वर्षांनी मराठ्यांचे नाव पुन्हा त्या शहरात आले ते असे, आद्याक्षरांच्या रूपाने; आणि तेही लंडनमधील संचालक मंडळाच्या मालमत्तेचे चिन्ह म्हणून. पुढील काळातल्या भाषिक अभिमानाने या अक्षरांकडे पाहणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मंडळींनी हे ध्यानात घेतलेले दिसत नाही.

पण संशोधकाला ती अक्षरे अनमोल आहेत. १ जानेवारी १९०८ रोजी ही कंपनी मद्रास रेल्वेशी जोडली जाऊन ‘मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे’ झाली. डब्यावर ‘एस. एम. आर.’ ही तीनच अक्षरे असली, तर तो डबा १९०८ पूर्वी रंगविलेला. आरंभी ‘एम’ येऊन चार अक्षरे झाली, तर नंतरचा. १४ एप्रिल १९५१ रोजी दक्षिण रेल्वे अस्तित्वात आली आणि ही अक्षरेही गेली. मधल्या काळात, १९१९ मध्ये, म्हैसूर संस्थानाने आपल्या मार्गांपैकी काहींचा कारभार कंपनीकडून काढून स्वतःकडे घेतला. तेव्हापासून संस्थानी रेल्वेची अक्षरेही बंगळूरच्या फलाटांवर दिसू लागतात. एकाच स्थानकात दोन मालकांचे मीटरमापी डबे शेजारी शेजारी उभे असतील, तर ते छायाचित्र कोणत्या तीस-बत्तीस वर्षांतले हे बाकी काही न पाहता सांगता येते.

येथे एक सावधगिरी अवश्य पाळली पाहिजे. डबा छायाचित्राची अलीकडची मर्यादा सांगत नाही, पलीकडचीच सांगतो. १८८५ मध्ये बांधलेला डबा १९३० मध्येही एखाद्या फाट्यावर धावत असे. प्रथम वर्गाचा डबा म्हातारपणी तिसऱ्या वर्गाचा होई, मग कामगारांचा, मग रुळांच्या कडेला एखाद्या गँगमनच्या कोठीचा. अक्षरेसुद्धा नव्याने रंगविण्याची पाळी येईपर्यंत तशीच राहत. म्हणून एकाच छायाचित्रातल्या वस्तूंपैकी जी सर्वांत नवी असेल, तिच्यावरून काळ ठरवावा; सर्वांत जुनी वस्तू मोहात पाडते. पोथीचा कागद जुना आणि शाई नवी असली तर शाईवर विश्वास ठेवावा लागतो, तसेच हे.

ही नवी वस्तू शोधण्यासाठी डब्याचे पोट आणि छप्पर पाहावे लागते. प्रवासी पाहतो त्या खिडक्या त्या मानाने कमी बोलतात. आरंभीच्या डब्यांच्या छपरावर ठरावीक अंतराने भोके असत आणि दिवेवाला छपरावरून चालत जाऊन तेलाचे दिवे त्यांत वरून सोडी. त्या दिव्यांची टोपणे छायाचित्रात ओळीने मांडलेल्या तांब्यांसारखी दिसतात. पुढे गॅसचे दिवे आले, तेव्हा डब्याच्या पोटाखाली लांबट नळकांडी आली. विजेचे दिवे आले, तेव्हा त्या जागी बॅटऱ्यांच्या पेट्या आणि आसाला पट्ट्याने जोडलेले वीजयंत्र दिसू लागले. डब्यांच्या टोकांशी रबरी नळ्या लोंबताना दिसल्या, तर निर्वात ब्रेक आलेला आहे. चार चाके, सहा चाके आणि मग दोन बोगींवर ठेवलेला लांब डबा हा क्रमही ढोबळमानाने उपयोगी पडतो, पण ढोबळमानानेच.

हिंदुस्थानी डबा आणि विलायती डबा यांतला भेद मुख्यतः उन्हाने घडविला. ब्रिटनमधल्या डब्याला काचांची रांग. इथल्या डब्याला लाकडी झडपा, खिडक्यांवर पुढे आलेली झापे आणि पुष्कळदा एकावर एक दोन छपरे, मधून वारा खेळावा म्हणून. प्रथम वर्गाच्या काही डब्यांत खसाच्या ओल्या टट्ट्या खिडकीत बसविण्याची व्यवस्था असे. या सर्वांहून अधिक बोलका आहे तो एक छोटासा दरवाजा. प्रथम वर्गाच्या प्रशस्त दारांच्या ओळीत मध्येच एक अरुंद दार दिसते आणि त्याच्या आतली खोली एखाद्या कपाटाएवढी असावी, असे बाहेरूनच कळते. ती साहेबाच्या नोकराची जागा. ब्रिटनमधून आराखडे आले, लोखंडी सांगाडे आले, कारागीरही आले. हे दार मात्र येथल्या समाजव्यवस्थेने त्या आराखड्यात घालून घेतले. इंग्रजांनी ते वापरले आणि एतद्देशीय श्रीमंतांनीही तक्रार न करता वापरले.

तिसऱ्या वर्गाच्या डब्यात, उलट, काय नाही हे पाहावे लागते. १९०९ मध्ये ओखिलचंद्र सेन नावाच्या प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला इंग्रजीत लिहिलेले तक्रारपत्र दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ठेवलेले आहे. शौचासाठी स्थानकावर उतरलेला हा गृहस्थ गाडी सुटल्यामुळे फजीत झाला होता. त्या पत्रातल्या इंग्रजीला लोक हसत आले आहेत. हसण्याजोगी खरी गोष्ट ही, की अर्ध्या शतकाहून अधिक काळ कोट्यवधी माणसांना शौचकूप नसलेल्या डब्यांतून वाहून नेणाऱ्या कंपन्यांना याची फिकीर वाटली नव्हती. कनिष्ठ वर्गाच्या डब्यात कोपऱ्याला लहानशी, धुरकट काचेची खिडकी दिसली, तर ते छायाचित्र विसाव्या शतकातले धरावयास हरकत नाही. दारावरचे तीन उभ्या रेघांचे रोमन आकडे मात्र १९७४ पर्यंत टिकले. त्या वर्षी तिसरा वर्ग नावापुरता नाहीसा झाला.

प्लेगच्या छायाचित्रांचा प्रश्न याहून नाजूक आहे. १८९६ मध्ये मुंबईत, १८९७ मध्ये पुण्यात आणि ऑगस्ट १८९८ मध्ये बंगळुरात प्लेग आला. बंगळुरात तो आगगाडीच्या वाटेने, हुबळीकडून आला असे त्या काळीच मानले गेले. म्हणजे ज्या मार्गाने दुष्काळात धान्य यावे म्हणून तो बांधला, त्याच मार्गाने दहा वर्षांच्या आत साथ आली. स्थानकांवर प्रवाशांना उतरवून रांगेत उभे करावयाचे, काखा आणि जांघा तपासावयाच्या, बायकांनाही त्यातून सुटका नाही, हे दृश्य पुण्याच्या इतिहासात किती खोल रुतून बसले आहे ते सांगावयास नको. अशा तपासणीची छायाचित्रे आज एका शहराच्या नावाने, उद्या दुसऱ्या शहराच्या नावाने छापली जातात. मुंबईची रुंदमापी गाडी ‘हुबळी’ म्हणून दाखविली जाते. पुण्यात तर दोन्ही मापांचे फलाट होते, तेथे अधिकच घोटाळा होतो. मध्यभागी एकच धक्का असलेला डबा, त्यावर तीन अक्षरे आणि पुढे रांगेतली माणसे असे चित्र मिळाले, तर ते सदर्न मराठा रेल्वेचे आणि १९०८ पूर्वीचे, एवढे नक्की म्हणता येईल. त्यापुढे पुणे, बेळगाव, हुबळी की बंगळूर हे इमारतीवरून, पागोट्यांवरून, लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून ठरवावे लागेल. आणि त्याच चित्रात चार अक्षरे असतील, तर ते १८९८ चे नव्हे. जुलूम खोटा होता असा याचा अर्थ मुळीच नाही. उलट, ज्या छायाचित्रावर जुलमाची साक्ष उभी करावयाची, ते उलटतपासणीत टिकले पाहिजे. नाहीतर एका चुकीच्या ओळीमुळे खऱ्या साक्षीलाही लोक हसण्यावारी नेतात.

राजेरजवाड्यांच्या गाड्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. त्यांची छायाचित्रे भरपूर आणि त्यांच्यावरचे लेखनही भरपूर. एकच दृष्टान्त पुरे. ८ ऑगस्ट १९०२ रोजी लॉर्ड कर्झनच्या हस्ते नाल्वडी कृष्णराज वडियार यांना राज्याधिकार देण्यात आले. त्या प्रसंगाशी जोडून व्हाइसरॉयची शाही गाडी ‘म्हैसूर स्थानकात’ उभी असल्याचे सांगणारे चित्र कोणी पुढे केले आणि त्या गाडीला दोन धक्के असले, तर ते म्हैसूर नव्हे. कारण म्हैसूरला रुंदमापी रूळ १९९०च्या दशकापर्यंत पोचलेच नव्हते. व्हाइसरॉय झाला तरी मीटरमापी राज्यात मीटरमापी डब्यातच बसणे भाग होते. म्हैसूरच्या राजघराण्याचा १८९९ चा डबा दिल्लीच्या संग्रहालयात आहे, आणि १९७९ मध्ये म्हैसुरात स्थापन झालेल्या रेल्वे संग्रहालयात महाराणींचा डबा पाहावयास मिळतो. छायाचित्र आणि वस्तू समोरासमोर ठेवून पाहण्याची संधी अशा ठिकाणी मिळते. ती तिसऱ्या वर्गाच्या डब्याच्या बाबतीत सहसा मिळत नाही, कारण तो जपून ठेवावा असे वेळेवर कोणाला वाटलेच नाही.

रंगाविषयी मात्र थोडे लिहिले पाहिजे, कारण तेथे सुजाण माणसेही चुकतात. एकोणिसाव्या शतकातील काचेच्या पट्टिकांवरचा लेप निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि तांबड्याला जवळजवळ आंधळा असे. त्यामुळे तांबूस डबा छायाचित्रात काळाभोर येतो, निळा फिकट येतो, आणि निळ्या आकाशात ढग असले तरी आकाश कोरे येते. ‘या कंपनीचे डबे काळे होते’ असे निष्कर्ष यातून निघाले आहेत. रंगीत पोस्टकार्डांचा आधार त्याहून फसवा. ती बहुधा युरोपात छापली जात, आणि ज्याने बंगळूर कधी पाहिले नाही असा कारागीर हातातल्या रंगाने डबा रंगवून टाकी. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या दख्खनच्या राणीचे प्रथम दोन संच होते. एक रुपेरी, तांबड्या रेघांचा, दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. सांगाडे विलायतेतून आले आणि वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यात बांधले गेले. त्या गाडीच्या कृष्णधवल छायाचित्रात कोणता संच आहे हे सांगणे वाटते तितके सोपे नाही. उन्हात चमकणारा निळा रुपेरी दिसतो. काळाच्या बाबतीत ती गाडी उलट सोपी आहे. १९६६ मध्ये ते जुने संच जाऊन पेरांबूरच्या कारखान्यातले पोलादी डबे आले, त्यामुळे जुने शरीर दिसले की त्याआधीचे चित्र.

बार्शी लाइट रेल्वेच्या छायाचित्रांत तर देशच बदलतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने अडीच फुटी मापाची ही गाडी योजिली आणि १८९७ मध्ये सामान हिंदुस्थानात पाठविण्यापूर्वी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरते रूळ घालून तिचे प्रदर्शन केले. इंजिने लीड्सच्याच किटसन कंपनीची. त्या प्रदर्शनाची छायाचित्रे आहेत. त्यांतील गाडी निःसंशय बार्शीची. परंतु मागचे गवत, आकाश आणि टोप्या यॉर्कशायरच्या. पुढे १९०६ मध्ये पंढरपूरला पोचून वारकऱ्यांनी छपरापर्यंत भरून गेलेली गाडी तीच. इंग्लंडमधील कारखान्यांची अधिकृत छायाचित्रेही याच जातीची असतात. डबा करड्या रंगात रंगवून, मागचा परिसर पुसून टाकून घेतलेली. त्यांत सदर्न मराठा रेल्वेचा कोरा करकरीत डबा दिसतो, पण दख्खनची धूळ अजून त्याला लागलेली नसते. मिरजेच्या बाबतीत, उलट, स्थळाविषयी शंका नसते, काळाविषयी असते. आणि तीही लवकर मिटते. पुण्याहून रुंदमापी रूळ मिरजेला १९७०च्या दशकाच्या आरंभी आले, मीटरमापी १९९०च्या दशकात उखडले गेले. तिन्ही मापांच्या गाड्या एका चित्रात दिसल्या तर ते या वीस-पंचवीस वर्षांतले. तेव्हा मिरजेला गाडी बदलताना चहा प्यायलेली माणसे अजून पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडे छायाचित्रे बहुधा नाहीत.

बंगळुरात स्थायिक झालेल्या मराठी घरांतून, त्याचप्रमाणे हुबळी, बेळगाव, धारवाडच्या घरांतून, एक छायाचित्र हमखास निघते. फलाटावर खुर्च्या मांडलेल्या, मध्ये साहेब, दोन्ही बाजूंना पगडी किंवा काळी टोपी घातलेले स्टेशनमास्तर, तारमास्तर, कारकून. मागे उभी रांग. आणि त्या रांगेच्या मागे डब्याचे अंग. घरात हे चित्र ‘आजोबांच्या निवृत्तीचे’ म्हणून सांगितले जाते. खांद्यांच्या मधून डब्यावरचे एखाददुसरे अक्षर दिसते. ते ‘एस’ ने सुरू होते की ‘एम’ ने, एवढ्यावरून ते चित्र आजोबांचे की पणजोबांचे हे ठरू शकते, हे घरच्यांच्या ध्यानीही येत नाही. पाटीवर देवनागरी असेल तर बंगळुरात ती बहुधा स्वातंत्र्योत्तर काळाची खूण. बेळगाव-मिरजेकडे मात्र तिच्यावरून काहीच ठरत नाही, कारण तेथे बाळबोध लिपी आधीपासूनची. कंपनीचे धारवाडचे मुख्य कार्यालय जोडणीनंतर मद्रासला गेले आणि १९१७ मध्ये सुरू झालेल्या कर्नाटक कॉलेजाला ती इमारत मिळाली. त्यामुळे तिच्या पायऱ्यांवर बसलेला समूह रेल्वेच्या कारकुनांचा की प्राध्यापकांचा, हाही प्रश्न कधीकधी पडतो.

या समूहचित्रांत खुर्चीवर बसलेल्यांची नावे खाली नीट लिहिलेली असतात. मागच्या रांगेतल्या काहींची असतात, काहींची नसतात. डब्याच्या पायरीवर चढून, चौकटीच्या अगदी कडेला, एखादा हमाल किंवा पाणक्या उभा असतो; त्याला कोणी बोलाविलेले नसते. जुन्या पट्टिकांना काही क्षण निश्चल राहावे लागे आणि ते त्याला कोणी सांगितलेले नसे. म्हणून त्याचे पाय स्पष्ट येतात, डब्याची कडी स्पष्ट येते, पाठीमागच्या दारावरचा तिसऱ्या वर्गाचा आकडाही वाचता येतो, आणि चेहऱ्याच्या जागी एक पांढुरका डाग राहतो.